तारेवरची फांदी: फोटो असा काढा की नेमकी तीच फांदी कापली जाईल

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या एका फोटोमुळे शेजारच्या काकांच्या फणसाची भरली फांदी गेली. मी आमच्या खळ्यात उभी राहून वर फोन धरला होता. फोटोत ती फांदी सरळ विजेच्या तारेवर रेललेली दिसत होती, म्हणून मी फोटो वीज कंपनीला पाठवून दिला. माणसं आली, फोटो बघितला, फांदी उतरवली. नंतर पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरून, खाली येताना मी सहज वर बघितलं, तेव्हा कळलं की फणस तारेच्या मागे चांगला पुरुषभर अंतरावर होता. तारेला खरोखर टेकली होती ती खांबापलीकडची काजूची फांदी. माझ्या फोटोत तिच्यामागे गर्द झाडोरा आल्यामुळे ती कुणाला दिसलीच नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत तीच काजूची फांदी तार घेऊन खाली आली आणि वाडी दोन रात्री अंधारात राहिली.

काका एका शब्दानेही बोलले नाहीत. मला मात्र ते फार लागलं. तेव्हापासून मी हा फोटो नीट काढायला शिकले आणि दर उन्हाळ्यात आमच्या दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या दोन-तीन वाड्यांसाठी काढते. माझा अनुभव असा की बहुतेक फोटोंमधून ‘इथे फांदी आहे’ एवढंच कळतं. खाली उभ्या असलेल्या वायरमनला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: कुठल्या दोन खांबांमध्ये, कुठल्या तारेला आणि किती जवळ. ही तीन उत्तरं फोटोत असली की काम लवकर होतंच, शिवाय झाडही विनाकारण बोडकं होत नाही. कोकणात एक हापूसचं कलम धरतं व्हायला किती वर्षं जातात हे आपल्याला सांगायला नको.

आधी जिवाचं

गावातून जाणाऱ्या बहुतेक तारा उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांच्यावर कसलंही आवरण नसतं. घरात येणारी वीज २३० व्होल्ट, तीन फेजच्या गावतारांत दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास, आणि मोठ्या उच्चदाब तारांत ११ किंवा २२ हजार व्होल्ट. उच्चदाबाच्या तारेला हात लागायचीही गरज नसते, फार जवळ गेलं तरी ठिणगी उडी घेते. म्हणून काही गोष्टी मी कुणाच्याही आग्रहाने करत नाही.

फोन कशालाही बांधून वर न्यायचा नाही. सेल्फी स्टिक नाही, ॲल्युमिनियमची शिडी नाही, आणि आंबे काढायचा झेलासुद्धा नाही. बांबू कोरडा असेल तर चालतो असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, पण खाऱ्या दमट हवेत बांबू कधी पुरता कोरडा नसतो. झाडावर, गच्चीच्या कठड्यावर, कौलांवर चढायचं नाही. ड्रोन तारांच्या जवळ न्यायचा नाही. तारेच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, बाजूला निदान तार जितकी उंच तितकं अंतर ठेवायचं. त्या अंतरावरून फोटोही जास्त चांगला येतो, ते पुढे सांगते.

खांबाला आणि त्याच्या ताणाला, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या तिरक्या तारेला, हात लावायचा नाही. पाऊस पडत असताना किंवा विजा चमकत असताना बाहेर पडायचं नाही. तार तुटून जमिनीवर, गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा झाडावर लोंबताना दिसली तर फोटोचा विचार सोडा. दहा मीटरांच्या आत जाऊ नका, गुरांना आणि पोरांना लांब ठेवा आणि वीज कंपनीच्या १९१२ ला फोन करा. नकळत जवळ गेलेले असाल तर लांब ढांगा टाकून पळू नका. पाय एकमेकांना लावून, जमिनीवरून घासत, छोट्या छोट्या पावलांनी मागे या. जमिनीत पसरलेल्या विजेचा दाब दोन पावलांखाली वेगळा असतो आणि पावलांमधलं अंतर जितकं जास्त तितका धोका जास्त.

तार ओळखा

फोटोबरोबर ‘मेन लाइन’ असं लिहून काहीच कळत नाही, कारण प्रत्येक वाडीला आपापली लाइन मेनच वाटते. ओळखायची साधी खूण अशी: गावातून जाणाऱ्या लघुदाब लाइनला चार किंवा पाच तारा असतात, म्हणजे तीन फेज, एक न्यूट्रल आणि असलीच तर रस्त्यावरच्या दिव्याची एक. चिनी मातीच्या चिमण्या, म्हणजे तार ज्यांवर बसवतात ते इन्सुलेटर, लहान असतात. उच्चदाब लाइनला तीनच तारा, चिमण्या मोठ्या, आणि त्या बहुधा लोखंडी आडव्या पट्टीवर किंवा व्हीच्या आकाराच्या आधारावर बसवलेल्या असतात. काही ठिकाणी एकाच खांबावर वर उच्चदाब आणि खाली लघुदाब अशा दोन्ही लाइनी असतात. तिथे फोटोत खांबाचा शेंडा आलाच पाहिजे.

काळ्या रंगाची, दोरीसारखी पिळलेली जाड केबल दिसली तर ती आवरण असलेली एबी केबल. तिला पान लागलं म्हणून घाबरायचं कारण नाही. जाड फांदी वाऱ्याने तिच्यावर सतत घासत असेल तर मात्र आवरण झिजतं, तेव्हा ती नोंदवा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर वेगळी, तिची तक्रार आपल्या बारा आकडी ग्राहक क्रमांकासह करायची.

वेळ: सकाळी फोटो, दुपारी व्हिडिओ

आमच्याकडे पूर्वेला सडा, म्हणजे उंच कातळाचं पठार, आणि पश्चिमेला समुद्र. रात्रभर वाहणारे मतलई वारे सकाळी पडतात आणि खारे वारे सुरू व्हायला अकरा-बारा वाजतात. त्यामधला आठ ते दहाचा वेळ फोटोसाठी सोन्यासारखा. फांदी हलत नाही, ऊन मागून येतं, आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की निळ्या आकाशावर तारा चांदीसारख्या उजळ दिसतात. पानही ओळखू येतं.

संध्याकाळी त्याच जागेवरून काढलात तर तारा, फांदी, पानं सगळं काळं येतं. चित्र म्हणून ते सुंदर असतं. पण काळी फांदी काळ्या तारेच्या पुढे आहे की मागे, हे त्यातून सांगता येत नाही. भरदुपारी तर वर कॅमेरा करूच नका. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि फोटोभर नुसती चमक पसरते.

पण दुपारी परत यायचंच आहे, दोन कारणांसाठी. एक म्हणजे वारा. सकाळी तारेपासून दोन हात लांब असलेली माडाची झावळी तीन वाजता तारेवर आपटताना मी कितीदा पाहिली आहे. हे स्थिर फोटोत कधीच येत नाही. फोन आडवा धरा, कोपर गडग्यावर किंवा ओटीच्या खांबाला टेकवा, आणि तीस सेकंद काहीही न हलवता व्हिडिओ घ्या. झूम करत जाऊ नका, फोन फिरवू नका. आधी पाच सेकंद तोंडाने जागा, तारीख आणि खांबाचे क्रमांक सांगा.

दुसरं कारण म्हणजे झोळ. ॲल्युमिनियम तापलं की लांबतं, आणि दोन खांबांमधली तार मेच्या दुपारी सकाळपेक्षा खाली येते. खालून वाढणारी फांदी तेव्हा सर्वांत जवळ असते. वरून आलेल्या फांदीचं उलट असतं, ती पावसात पानं भिजून जड झाली की खाली उतरते. म्हणून फांदी तारेच्या वर आहे, खाली आहे की बाजूला, हे प्रत्येक फोटोखाली लिहा. एकाच अंतरावरच्या दोन फांद्यांपैकी वरची आधी कापायला हवी.

चार फोटो, याच क्रमाने

पहिला फोटो खांबाच्या क्रमांकाचा. रंगवलेला किंवा पत्र्यावरचा आकडा वाचता यावा असा, पण आधी सांगितलेलं अंतर राखून आणि हात न लावता. पुष्कळ खांबांवर आकडा पुसलेला असतो. मग जवळच्या रोहित्रावर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यावर, रंगवलेला डीटीसी कोड (त्या रोहित्राचा ओळखक्रमांक) कुंपणाबाहेरून टिपा आणि तिथून खांब मोजत या: ‘डीपीपासून देवळाकडे चौथा आणि पाचवा’. वायरमनच्या डोक्यात वाडीचा नकाशा असाच असतो.

दुसरा फोटो पूर्ण गाळ्याचा. दोन्ही खांब बुडापासून शेंड्यापर्यंत आणि मधलं झाड, सगळं एका चौकटीत. गावातल्या लाइनीत दोन खांबांमधलं अंतर बरंच असतं, त्यामुळे मागे सरकत जावं लागतं, कधी दुसऱ्याच्या आगरात शिरावं लागतं. विचारून शिरा. या फोटोत खांब हीच तुमची मोजपट्टी असते. लघुदाबाचा सिमेंटचा खांब साधारण आठ मीटरचा, त्यातला दीड मीटर जमिनीत, म्हणजे वर साडेसहा मीटर दिसतो. त्याच्याशी ताडून फांदी तारेपासून हातभर आहे की पुरुषभर, याचा अंदाज कुणालाही येतो. याच फोटोत आणखी एक गोष्ट पकडता येते. रस्ता ओलांडणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ३३ हजार व्होल्टपर्यंतची उच्चदाब तार किमान ६.१ मीटर उंच असावी असा नियम आहे. तार खांबाच्या दिसणाऱ्या उंचीच्या निम्म्यावर लोंबत असेल तर तक्रार फांदीची नाही, झोळाची करायची.

तिसरा आणि चौथा फोटो म्हणजे या लेखाचा जीव. माझी फणसाची चूक इथेच झाली होती.

फोटो सपाट असतो. वीस फुटांवरची तार आणि तीस फुटांवरची फांदी त्यात एकाच कागदावर येतात आणि एकमेकींना टेकल्यासारख्या दिसतात. एका जागेवरून काढलेल्या फोटोवरून स्पर्श सिद्ध होत नाही. म्हणून एक फोटो लाइनीच्या काटकोनात उभं राहून काढायचा, म्हणजे तारा चौकटीत डावीकडून उजवीकडे जातील. त्यातून फांदी तारेच्या वर की खाली आणि उभं अंतर किती हे कळतं. मग लाइनीच्या दिशेने चालत जा आणि शक्य तितकं तारांच्या सरळ रेषेत, पण तारेच्या खाली न येता, आधी सांगितलेलं अंतर राखून बाजूला, उभं राहून दुसरा काढा. आता तारा तुमच्यापासून दूर जाताना दिसतील आणि फांदी त्यांच्या डावीकडे की उजवीकडे, आणि आडवं अंतर किती, हे उघड होईल. दोन्ही फोटोंत फांदी तारेला टेकलेली दिसली तरच ‘टेकली आहे’ असं लिहा.

पाखाडीच्या उतारावर, आगरात किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी अशी काटकोनातली जागा मिळेलच असं नाही. तेव्हा एक युक्ती. जिथे फांदी तारेला लागल्यासारखी वाटते तो बिंदू डोळ्यांनी धरा आणि हळूहळू आठ-दहा पावलं बाजूला चला. फांदीचं टोक तारेवर त्याच ठिकाणी चिकटून राहिलं तर स्पर्श खरा. टोक तारेवरून सरकत गेलं तर मध्ये मोकळी जागा आहे, आणि जितकं भराभर सरकेल तितकी ती जास्त. दोन टोकांचे दोन फोटो काढून पाठवले की पाहणाऱ्यालाही ते पटतं. आता मी फोन खिशातून काढण्याआधी हे चालणं करते. निम्म्या फांद्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

फोनला काय सांगायचं

सगळ्यात आधी भिंग पुसा. किनाऱ्यापासून मैलभर आतसुद्धा मिठाचा चिकट थर बसतो आणि आकाशाकडे बघताना त्याचं धुकं होतं. मऊ सुती कापड पुरेसं आहे.

मोकळ्या आकाशावरची बारीक तार फोनला सापडत नाही, फोकस पुढेमागे धावत राहतो. खांबाच्या शेंड्यावर किंवा फांदीच्या जाड भागावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे पक्के होतात. मळभ असेल तर पांढऱ्या आकाशामुळे फोन फांदी काळी करतो, तेव्हा उजेडाची पट्टी पान हिरवं दिसेपर्यंत थोडी वर सरकवा. आकाश पांढरं जळून गेलं तरी चालेल, पण तार त्यात विरघळायला लागली की थांबा. एकाने दोन्ही साधत नसेल तर दोन वेगवेगळ्या उजेडांचे फोटो काढा.

पोर्ट्रेट मोड नको, तो तारांनाच पार्श्वभूमी समजून पुसतो. पॅनोरामा नको, त्यात सांध्यावर तारा मोडतात. फार रुंद दिसणारी लेन्स फक्त दुसऱ्या फोटोला, आणि तीही जागाच नसेल तर, कारण कडेचे खांब तिच्यात कलतात. खऱ्या लेन्सचा दुप्पट-तिप्पट झूम असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या फोटोसाठी उत्तम. त्यापुढचा झूम नुसता फुगवलेला असतो आणि काही फोन त्यात स्वतःच्या अंदाजाने रेषा भरतात. पुरावा म्हणून तो कामाचा नाही. मोठा कॅमेरा असेल तर शटर १/५०० सेकंदावर ठेवा, बाकी सगळं हेच.

आणि आता एक हिशोब, कारण चांगले फोटोही इथे वाया जातात. गावातली तार साधारण सात-आठ मिलीमीटर जाड. बारा मीटरांवरून फोनच्या मुख्य लेन्सने काढलेल्या आडव्या फोटोत सुमारे सोळा मीटर रुंदी मावते. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल म्हणजे चार मिलीमीटर, म्हणजे तुमची तार फोटोत दोन पिक्सेलची. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो आकसून साधारण १६०० पिक्सेलवर येतो, एक पिक्सेल दहा मिलीमीटरचा होतो, आणि तार त्याहून बारीक ठरून अर्धीमुर्धी गायब होते. तुम्हाला तुमच्या फोनवर दिसतं ते समोरच्याला दिसत नाही, ते असं. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आकसलेल्या फोटोतून ठिकाणाची नोंदही उडून जाते, तेव्हा लोकेशन वेगळं पाठवा.

पाठवण्याआधी झाडाच्या मालकाला दाखवा

हे मी फणसानंतर शिकले. चौथा फोटो घेऊन मी आधी मालकाकडे जाते. फोनवर फोटोची एक प्रत काढून तिच्यावर लाल गोल करते, जिथून कापायला हवं तिथे एक रेघ ओढते, आणि विचारते, ‘काका, इथून उतरवली तर चालेल ना?’ मूळ फोटोला हात लावत नाही. पुष्कळदा मालक त्याहून चांगली जागा दाखवतात, कारण कुठल्या बेचक्यातून कापलं की जखम लवकर भरते हे त्यांना ठाऊक असतं. हे बोलणं एप्रिलमध्ये झालं तर आंबा उतरेपर्यंत थांबता येतं आणि पावसाआधी फांदीही निघते. मात्र मालकाने किंवा गड्याने स्वतः कोयता घेऊन चढायचं नाही. लाइन बंद करून, ती बंद असल्याची खात्री करून, वायरमनच्या देखरेखीखालीच फांदी उतरायला हवी. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायला विसरू नका.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६८ प्रमाणे तारेला अडथळा होणारं झाड वीज कंपनीच्या अर्जावरून काढायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. त्याच कलमात असंही आहे की झाड तार येण्याआधीपासूनचं असेल तर मालकाला वाजवी भरपाई ठरवून द्यायची. तेव्हा घरातल्या जुन्या लग्नामुंजीच्या फोटोंत मागे ते झाड उभं असेल आणि खांब नसेल, तर तो फोटो जपून ठेवा.

तक्रार १९१२ वर, १८००-२१२-३४३५ वर किंवा महावितरणच्या ॲपवर नोंदवता येते. क्रमांक मिळाला की तो लिहून ठेवा. मी पाठवते तो मजकूर साधारण असा:

‘खालची वाडी, देवळाकडची पाखाडी. खांब १४ आणि १५ च्या मध्ये, १५ पासून दहा पावलांवर. लघुदाब, चार तारा. काजूची फांदी, मनगटाएवढी जाड, तारांच्या वरून. सकाळी सर्वांत वरच्या तारेपासून हातभर, दुपारी वाऱ्यात टेकते, व्हिडिओ जोडला आहे. मालकांशी बोलणं झालं आहे. फक्त लाल रेघेपुढची फांदी काढावी.’

एका ठिकाणाला एक मजकूर. वीस फोटो एकदम टाकले की एकही बघितला जात नाही.

कुठल्या झाडाला काय बघायचं

माडाची फांदी नसतेच, पण झावळी सहज चार-पाच मीटर लांब असते. वाळलेली झावळी पडताना दोन तारांवर आडवी अडकली की दोन फेज एकमेकांना भिडतात. म्हणून माडाच्या फोटोत खालच्या पिवळ्या-तपकिरी झावळ्या दिसायला हव्यात, हिरवा शेंडा नव्हे. सुरूच्या झाडांचं मूळ बघा: रेतीत उघडं पडलं असेल तर फांदीपेक्षा तो फोटो महत्त्वाचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा आमच्याकडे तारा बहुतेक फांद्यांनी नाही, मुळासकट आडव्या झालेल्या झाडांनी नेल्या. आंबा-फणसाच्या बाबतीत जुन्या, वाळवीने पोखरलेल्या बेचक्यांवर लक्ष ठेवा.

बांबूची गोष्ट वेगळी. मेमध्ये बेट तारेपासून लांब दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. पावसात नवे कोंब फुटतात आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतात.

म्हणून शेवटची पायरी. ज्या जागेवरून तिसरा फोटो काढलात तिथल्या गडग्याच्या दगडावर चुन्याने खूण करा. फांदी उतरली की त्याच दगडाजवळून, त्याच लेन्सने एक फोटो काढा आणि तारखेसह आधीच्या फोटोशेजारी ठेवा. मग ऑगस्टमध्ये, चाकरमानी गणपतीला यायच्या आधी, उघडीप मिळालेल्या एखाद्या सकाळी पुन्हा तिथे उभ्या राहा. मागच्या वर्षी मी गेले तेव्हा आमच्या व्हाळाकाठच्या बेटातला एक कोंब तारेच्या वर हातभर गेलेला होता.